जिवाणूच्या घरचा ताळेबंद

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्यासारख्या जुन्या घराण्यांतील माणसांच्या डोळ्यांपुढे रुमालांत बांधलेली दफ्तरे, मोडी कागद, सनदा आणि वंशावळी उभ्या राहतात. प्रयोगशाळेतील काचपात्रांनाही इतिहास असतो, त्यातही मोहिमा निघतात, काही फसतात, आणि काहींचे यश भलत्याच दिशेकडून चालून येते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका मोहिमेची हकीकत सांगण्याचा विचार आहे. जिवाणू नावाच्या अतिसूक्ष्म जीवाच्या अंगात अन्नाची जी अखंड देवघेव चालते, तिला शास्त्रात चयापचय म्हणतात. त्या देवघेवीत हात घालून जिवाणूला अधिक जोमाने वाढवावे आणि त्याच्याकडून आपल्याला हवे ते प्रथिन अधिक प्रमाणात करवून घ्यावे, हा माणसाचा उद्योग गेल्या अर्धशतकातला आहे. विषय वरवर पाहता आपल्या मंडळाच्या परिघाबाहेरचा वाटेल. परंतु त्याचा एक धागा आपल्या घरांतील औषधांच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

आमच्या वडिलांना मधुमेह होता. १९७० च्या दशकात इन्सुलिनची बाटली घरी आणणे हा एक सोहळाच असे. घरात शीतकपाट नव्हते. आई ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या आडोशाला ठेवी. काचेची सिरिंज आणि सुई रोज सकाळी पातेल्यात उकळली जाई. वडील निष्ठावंत शाकाहारी होते. एकदा त्यांनी वेष्टणावरील बारीक अक्षरे भिंगातून वाचली आणि ते औषध गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले आहे हे त्यांना कळले. त्यांनी डॉक्टरांना विचारले, दुसरे काही आहे का. डॉक्टर म्हणाले, नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय घरात पुन्हा काढला नाही. आजीला तर कधीच सांगितले नाही. फक्त सुई टोचून घेतल्यावर हात धुऊन, चूळ भरून मगच देवापुढे बसायचे, असा एक नेम त्यांनी स्वतःला घालून घेतला. आमची खात्री आहे की असे मूक नेम त्या काळी आपल्यापैकी अनेक घरांत पाळले गेले असतील.

ज्याला वडिलांनी ‘दुसरे काही’ म्हटले, ते त्याच दशकाच्या अखेरीस सातासमुद्रापलीकडे तयार होत होते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचण्यात आले. तेव्हापासून जवळजवळ साठ वर्षे जगाची इन्सुलिनची गरज कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या गुरांच्या आणि डुकरांच्या ग्रंथींवर भागत होती. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बोयर यांनी एका जीवाचे जनुक कापून जिवाणूत बसवता येते आणि तेथे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे दाखवले. जनुक म्हणजे अमुक प्रथिन कसे घडवावे याचा लेखी हुकूम. हुकूम माणसाचा असला तरी जिवाणू तो वाचू शकतो, कारण त्याची लिपी सर्व सजीवांत एकच आहे. १९७७ मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे मानवी संप्रेरक जिवाणूकडून करवून घेण्यात आले, १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘ह्युम्युलिन’ या नावाने त्या इन्सुलिनला अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली.

हा कामकरी जिवाणू म्हणजे एश्चेरिकिया कोलाय, प्रचारात ज्याला ई. कोलाय म्हणतात तो. १८८५ साली जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एश्चेरिक यांनी तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो प्रथम पाहिला. आपल्या सर्वांच्या आतड्यात त्याची वस्ती असते. त्याचे काही वाण रोगकारक असले तरी प्रयोगशाळेतील वाण निरुपद्रवी आहेत. सर्व काही मनासारखे असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. एवढा चपळ आणि अल्पसंतुष्ट नोकर मिळाल्यावर शास्त्रज्ञांच्या आशा पालवल्या यात नवल नाही. हुकूम द्यावा आणि माल उचलावा, इतके हे सोपे आहे असा समज त्या वर्षांत पसरला. हुकमाच्या प्रती वाढवल्या की मालही तितकाच वाढेल, असा साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला गेला.

हा हिशेब जमेना. हुकमाच्या प्रती वाढवल्या, हुकूम जोराने वाचला जाईल अशी व्यवस्था केली, तेव्हा जिवाणूची वाढच मंदावली. पुष्कळदा परके प्रथिन इतक्या घाईने तयार होई की त्याची नीट घडी पडत नसे आणि पेशीत त्याचे निरुपयोगी गोळे साचत. इन्सुलिनच्या बाबतीतही १९८० च्या दशकाच्या आरंभी असे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. आणखी एक अडचण होती. एखाद्या पेशीच्या हातून विभाजनाच्या वेळी तो परका हुकूम गळून पडला, तर ती पेशी भारमुक्त होऊन इतरांपेक्षा वेगाने वाढे. मोठ्या पात्रात अशा कामचुकारांचीच बहुसंख्या होऊन बसे. थोडक्यात, जिवाणू हा हुकमाचा ताबेदार नाही, तो आपला प्रपंच चालवणारा गृहस्थ आहे, आणि त्याच्या घरचा जमाखर्च समजून घेतल्यावाचून त्याच्याकडून काही मागणे व्यर्थ आहे, असा धडा या दशकाने दिला.

या जमाखर्चाकडे काही विचक्षण माणसांनी आधीच लक्ष वेधले होते. पॅरिसमध्ये जर्मन फौजांचा अंमल असताना जाक मोनो नावाचा तरुण संशोधक जिवाणूंची वाढ मोजत बसला होता. पुढे तो फ्रेंच प्रतिकार चळवळीतही उतरला. जिवाणूंपुढे दोन प्रकारच्या साखरा एकदम ठेवल्या, तर ते काही वेळा प्रथम एकच संपवतात, मग क्षणभर थबकतात आणि नंतर दुसरीकडे वळतात, हे त्याने नोंदले. १९४१ मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. ग्लुकोज समोर असताना दुसरी साखर पचवण्याची अवजारे घडवण्यात जिवाणू शक्ती दवडत नाही, हा त्या थबकण्याचा अर्थ होता. त्याच मार्गाने जात जाक मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६१ मध्ये जनुकांची कळ कशी चालू होते आणि बंद होते याची उपपत्ती मांडली, आणि १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळाले. १९५८ मध्ये कोपनहेगन येथील शेक्टर, मालो आणि केल्डगार्ड या त्रयीने आणखी एक नियम दाखवला. जिवाणू किती वेगाने वाढतो आहे एवढे कळले, की त्याचे आकारमान आणि त्याच्यातील घटकांचे प्रमाण सांगता येते, मग त्याने काय खाल्ले हे गौण ठरते. घराचा खर्च उत्पन्नाच्या मानाने आपोआप बेतला जावा, तसाच हा प्रकार होता.

आता ज्या दोन अडचणींपाशी हा सारा उद्योग अडला, त्यांच्याकडे वळू. पहिली अडचण आंबट होती. जिवाणूला साखर मुबलक दिली की तो ती पुरती जाळत नाही. अर्धवट वापरून उरलेला भाग ॲसिटिक आम्लाच्या, म्हणजे शिरक्यातील आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतो. चुलीत लाकडे भसाभस कोंबली की जाळापेक्षा धूरच अधिक होतो, तशातली ही गत. हे आम्ल साचत गेले की तोच जिवाणू गुदमरतो, वाढ खुंटते आणि प्रथिनाचे उत्पादनही घटते. यावर एक उपाय बेकरीच्या यीस्टवाल्यांना ठाऊक होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये यीस्टला सारी साखर एकदम न घालता हळूहळू, त्याच्या भुकेच्या मानाने वाढत जाण्याची रीत निघाली होती. तीच रीत जिवाणूंनाही लागू पडली. दुसरा उपाय जनुकांचा होता. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात सॅन आणि बेनेट यांच्या गटाने १९९४-९५ च्या सुमारास बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूचे एक जनुक ई. कोलायमध्ये बसवले. त्यामुळे जास्तीची साखर आम्लाकडे न जाता ॲसिटोइन नावाच्या पुष्कळच कमी अपायकारक पदार्थाकडे वळली आणि इष्ट प्रथिनाचे उत्पादन वाढले. पूर अडवता येत नसेल तर त्याला निरुपद्रवी चर खोदून द्यावा, त्यातला हा प्रकार.

ई. कोलायच्याच निरनिराळ्या वाणांत या बाबतीत केवढा फरक असतो, हेही त्या दशकात स्पष्ट झाले. ‘के-१२’ हा वाण १९२२ साली स्टॅनफर्ड येथे एका आजारातून उठलेल्या रुग्णापासून मिळाला होता. आधुनिक आनुवंशिकीचा पुष्कळसा भाग त्याच्यावरच उभा राहिला. ‘बी’ हा दुसरा वाण विषाणूंच्या अभ्यासकांच्या हाताखाली वाढला. त्याच्याच वंशातील ‘बीएल-२१’ या शाखेत १९८६ मध्ये स्टुडियर आणि मोफॅट यांनी परक्या जनुकांचा हुकूम अत्यंत जोराने वाचणारी योजना बसवली. या शाखेत प्रथिने कुरतडणारी दोन विकरे मुळातच नाहीत आणि साखर पुष्कळ दिली तरी ती आम्ल कमी सोडते. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत प्रथिने करवून घेण्यासाठी तिचाच वापर मोठ्या प्रमाणावर होतो. एकाच कुळातील दोन शाखांपैकी एक उधळी आणि एक काटकसरी निघावी, हे आपल्याला अपरिचित नाही.

दुसरी अडचण श्वासाची होती, आणि आमच्या मते या इतिहासातील सर्वांत वेधक प्रकरण तेच आहे. साखर लिटरभर पाण्यात शेकडो ग्रॅम विरघळते. प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, मात्र नेहमीच्या तापमानाला अवघा सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो. पात्रात जिवाणूंची दाटी झाली की एवढा साठा काही सेकंदांत संपून जातो. त्यामुळे पात्रात हवा अखंड फुंकावी लागते आणि पंखे फिरवून ती पाण्यात कालवावी लागते. हजारो लिटरच्या पात्रात हे काम अवघड आणि खर्चाचे होते. एका कोपऱ्यात हवा पोहोचते, दुसऱ्यात नाही. श्वास अपुरा पडला की जिवाणू पुन्हा अर्धवट जाळण्याकडे वळतो आणि आम्ल सोडू लागतो. लग्नघरात अन्नाची ददात नाही, पण मांडवात वारा नाही म्हणून पाहुणे कासावीस व्हावेत, तसे हे होते. यंत्रज्ञांनी पंखे मोठे केले, हवेचा दाब वाढवला, शुद्ध ऑक्सिजन सोडून पाहिला. सारे उपाय पात्राच्या बाजूने होत होते. जिवाणूच्या बाजूने विचार करण्याचे अद्याप कोणाला सुचले नव्हते.

तो विचार सुचण्याची सामग्री मात्र एका कोपऱ्यात वीस वर्षे पडून होती. व्हिट्रिओसिला नावाचा एक जिवाणू आहे. साचलेली डबकी, कुजणारा पालापाचोळा अशा ठिकाणी तो राहतो. चमत्कार असा की त्याला जगायला ऑक्सिजन लागतोच, आणि त्याची वस्ती मात्र जेथे ऑक्सिजनचा दुष्काळ अशा जागी असते. १९६६ मध्ये डेल वेबस्टर आणि हॅकेट यांनी त्याच्यातील एक रंगीत प्रथिन शुद्ध करून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ते श्वसनसाखळीतील एक विकर असावे असा त्यांचा समज होता. वेबस्टर पुढे शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये याच प्रथिनाचा पाठपुरावा करीत राहिले. १९८६ मध्ये जपानमधील वाकाबायाशी आणि मात्सुबारा यांच्यासह त्यांनी त्या प्रथिनातील घटकांचा संपूर्ण क्रम लावला, तेव्हा गूढ उकलले. ते हिमोग्लोबिन होते! आपल्या रक्ताला लाली देणारे आणि फुप्फुसांतून प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन ज्या कुळातले, त्याच कुळातले. त्यातील घटकांची संख्या १४६ भरली, आणि त्याचे सर्वांत जवळचे साम्य ल्युपिन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांतील हिमोग्लोबिनशी आढळले. ज्याला रक्त नाही, हृदय नाही, अशा एकपेशीय जीवाजवळ हिमोग्लोबिन असावे, ही बाब तेव्हा शास्त्रज्ञांनाही थक्क करणारी होती. ऑक्सिजन कमी झाला की व्हिट्रिओसिला हे प्रथिन कित्येक पटींनी अधिक तयार करतो, हे वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेत आधीच दिसून आले होते. दुष्काळी मुलखातील माणसाने अंगणात आड खणून ठेवावा, तशी ती तरतूद होती.

येथे आपल्याकडचा एक धागा या कथेत येऊन मिळतो. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.तून १९८५ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतलेले चैतन खोसला त्या वेळी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जेम्स बेली यांच्या हाताखाली पीएच.डी. करीत होते. बेली हे जीवरासायनिक अभियांत्रिकीतील अग्रणी, त्या विषयावरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. गुरुशिष्यांनी प्रश्न उलट बाजूने धरला. पात्रात हवा अधिक कशी घालावी हे न विचारता, थोड्या हवेत प्रपंच करणे ज्याला जमते त्याची युक्ती आपल्या जिवाणूला उसनी देता येईल का, असे त्यांनी विचारले. त्यांनी व्हिट्रिओसिलाचे हिमोग्लोबिनचे जनुक हुडकून काढले आणि ते ई. कोलायमध्ये बसवले. १९८८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष छापून आला. ऑक्सिजन अपुरा असताना हे उसने हिमोग्लोबिन धारण करणारे जिवाणू नेहमीच्या जिवाणूंपेक्षा वेगाने वाढले आणि त्यांची दाटीही अधिक झाली. त्याच वर्षी शिकागोत वेबस्टर यांच्यासह काम करणाऱ्या कनक दीक्षित यांनीही हे जनुक स्वतंत्रपणे वेगळे काढले. पुढे चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी जिवाणूंच्या हिमोग्लोबिनांवरील संशोधन चालू ठेवले.

या प्रयोगातील एक बारकावा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जनुकाबरोबर त्याची मूळची कळही ई. कोलायमध्ये गेली होती, आणि परक्या घरातही ती कळ इमानाने काम करीत होती. ऑक्सिजन पुरेसा असताना ती मंद राही. तुटवडा जाणवू लागला की चालू होई. बाहेरून कोणी हुकूम सोडण्याची गरज नव्हती. १९९० मध्ये खोसला, बेली आणि सहकाऱ्यांनी पुढचा टप्पा गाठला आणि ऑक्सिजनच्या तुटवड्यात अशा जिवाणूंची प्रथिने घडवण्याची क्षमताही सुधारते हे दाखवले. म्हणजे वाढ आणि उत्पादन या दोन्ही गोष्टी, ज्या एकमेकींच्या सवती समजल्या जात होत्या, त्या निदान हवेच्या दुष्काळात तरी एकाच उपायाने साधल्या. हे हिमोग्लोबिन नेमके काय करते यावर पुढे पुष्कळ खल झाला. ते ऑक्सिजन धरून श्वसनसाखळीच्या शेवटच्या विकराच्या हाती देते, हे एक स्पष्टीकरण. पेशीतील ऊर्जेचा आणि विद्युत्कणांच्या देवघेवीचा तोल सुधारतो, हे दुसरे. दोन्हींच्या बाजूने पुरावे पुढे आले. नंतर हेच जनुक प्रतिजैविके देणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंत बसवून पाहिले गेले, आणि १९९७ मध्ये तंबाखूच्या रोपांतही त्याने वाढ सुधारल्याचे प्रसिद्ध झाले.

२१ जून १९९१ च्या ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या अंकात बेली यांचा एक लेख आला आणि या नव्या शास्त्राला ‘मेटाबॉलिक इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झाले. मराठीत त्याला चयापचय अभियांत्रिकी म्हणता येईल. त्याच अंकात स्टेफानोपूलोस आणि व्हालिनो यांचाही लेख होता. पेशीतील रासायनिक वाटांचे जाळे एका ठिकाणी ओढले तर दुसरीकडे ताठर होऊन विरोध करते, असा त्यांचा इशारा होता. बेली स्वतःही आशावाद्यांपैकी असले तरी भाबडे नव्हते. आपण कागदावर आखलेले बदल पेशी पुष्कळदा निष्फळ ठरवते, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक उलटी रीत मांडली. आधी इष्ट गुण ज्याच्या अंगी आहे असा जीव शोधावा, त्या गुणाचे मूळ कोणत्या जनुकात आहे ते पाहावे, आणि मग ते जनुक आपल्या कामकऱ्याला द्यावे. डबक्यातील हिमोग्लोबिन हे या रीतीचे ठळक उदाहरण होते. बेली १९९२ पासून झुरिकला होते. २००१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. खोसला स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि प्रतिजैविकांच्या घडणीवरील त्यांचे काम जगन्मान्य झाले.

मग जिवाणूच्या घरचा ताळेबंद शेवटी कोणी मांडला? तो गेल्या पंधरा-वीस वर्षांतला आहे. २०१० मध्ये सॅन डिएगो येथील टेरेन्स ह्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या कोपनहेगनच्या नियमाला पुढे नेऊन एक साधे गणित मांडले. पेशीत प्रथिनांसाठी जेवढी एकूण तरतूद आहे तिचे ठरावीक वाटे आहेत. एक वाटा रायबोसोमांचा, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रांचा, एक अन्न पचवणाऱ्या विकरांचा, आणि एक अपरिहार्य आस्थापनेचा. परके प्रथिन करवून घ्यायचे तर त्याचा वाटा पहिल्या दोहोंतूनच कापावा लागतो, आणि कापला की वाढ त्या प्रमाणात मंदावते. २०१५ मध्ये याच गटाने त्या आंबट कोड्याचाही उलगडा केला. साखर पूर्ण जाळण्यासाठी जी श्वसनयंत्रणा लागते ती उभारायला प्रथिने फार खर्ची पडतात. अर्धवट जाळण्याची यंत्रणा स्वस्तात उभी राहते. घाईने वाढायचे असेल तेव्हा साखर वाया गेली तरी चालेल, प्रथिने वाचली पाहिजेत, असा जिवाणूचा हिशेब असतो. ज्याला माणसे उधळेपणा समजत होती, ती काटकसरच होती, फक्त निराळ्या नाण्यातली.

आमची हयात राज्य शासनाच्या सेवेत गेली, आणि त्यातील बराच काळ अंदाजपत्रकांत. एका लेखाशीर्षाखाली रक्कम वाढवायची तर ती दुसऱ्या कुठल्या तरी लेखाशीर्षातून पुनर्विनियोजनाने आणावी लागते, एकूण मंजूर अनुदान वाढत नाही. हे आम्ही कित्येक उत्साही अधिकाऱ्यांना समजावून सांगितले असेल. विकासकामाच्या लोभाने आस्थापनेचा खर्च छाटला की पुढच्या वर्षी ते विकासकाम करायलाच कोणी उरत नाही, हेही पाहिले आहे. म्हणून २०१० चे ते गणित आम्हाला परके वाटले नाही. खोसला आणि बेली यांचे कर्तृत्वही त्यामुळे आम्हाला अधिक उमगले. त्यांनी वाट्यांची ओढाताण केली नाही. एक लहानसे प्रथिन खर्ची घालून त्यांनी घराची मिळकतच थोडी वाढवली. ज्या श्वासाच्या तुटवड्यामुळे साऱ्याच लेखाशीर्षांवर कात्री चालत होती, तो तुटवडा त्यांनी हलका केला.

या साऱ्याचा परिणाम आपल्या घरापर्यंत कसा आला, तेही नोंदवले पाहिजे. हिमोग्लोबिनच्या युक्तीनेच आपले इन्सुलिन तयार होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कारखान्यांत बेतशीर अन्न, निवडक वाण, हवेची चोख व्यवस्था आणि जनुकांतील बदल या साऱ्यांच्या मिलाफातून उत्पादन वाढत गेले. भारतात २००३-०४ मध्ये वोखार्ट आणि बायोकॉन या कंपन्यांनी मानवी इन्सुलिन देशातच तयार करून बाजारात आणले, तेव्हा त्यांनी कामकरी म्हणून जिवाणूऐवजी यीस्ट निवडले होते. वाटा निरनिराळ्या असल्या तरी सर्वांना शहाणपण एकच शिकावे लागले. परक्या जीवाकडून काम घ्यायचे तर प्रथम त्याचे अन्न, त्याचा श्वास आणि त्याच्या घरच्या अडचणी जाणून घ्याव्या लागतात.

मानवी इन्सुलिन आमच्या गावच्या औषधाच्या दुकानात येण्यापूर्वीच वडील गेले. आज आमच्या घरी तोच आजार तिसऱ्या पिढीत आला आहे. धाकटी मुलगी लेखणीसारख्या दिसणाऱ्या उपकरणाने क्षणात औषध टोचून घेते आणि कामाला लागते. ते गुरांपासून आलेले नाही हे तिला ठाऊक आहे, पण त्याचे तिला काही वाटत नाही, आणि वाटावे असा आमचा आग्रहही नाही. मात्र परवा शीतकपाटात ती पेटी पाहिली आणि आईचे ते ओले फडके आठवले. वडिलांनी डॉक्टरांना जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर देण्यासाठी कोणीतरी पॅरिसमध्ये युद्धाच्या धामधुमीत साखरेचे हिशेब ठेवले होते, आणि कोणीतरी डबक्यातील एका उपेक्षित जिवाणूचा रंग वीस वर्षे न्याहाळला होता. उत्तर वडिलांना वेळेवर मिळाले नाही. ते शोधण्यासाठी माणसे कामाला लागली होती, एवढे जरी त्यांना कोणी सांगितले असते, तरी देवापुढे बसताना त्यांच्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले असते.